बुडालेल्या जहाजाची तारीख

भारतीय नौदलाचं 'गुलदार' हे जहाज जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झालं. रणगाडे आणि सैनिक थेट किनाऱ्यावर उतरवण्यासाठी बांधलेलं, सुमारे ८४ मीटर लांबीचं हे जहाज. अशी जहाजं एरवी भंगारात जातात. गुलदारसाठी मात्र वेगळी योजना निघाली. सिंधुदुर्गच्या समुद्रात, निवतीच्या खडकांजवळ ते मुद्दाम बुडवायचं, म्हणजे त्याच्यावर समुद्रातले जीव वस्ती करतील आणि पर्यटकांना पाण्याखाली जाऊन ते पाहता येईल. २०२५ मध्ये या योजनेच्या बातम्या वर्तमानपत्रांत येऊ लागल्या.

बातमी वाचल्यावर कोणाच्याही मनात एक शंका येईल. लोखंडाचा एवढा मोठा सांगाडा तळाशी टाकल्याने समुद्राचं काही भलं होतं, की ही कचरा टाकण्याचीच जरा प्रतिष्ठित पद्धत आहे?

याचं उत्तर नुसत्या तर्काने देण्याची गरज नाही. जहाजं बुडवून किंवा बुडालेली जहाजं तशीच ठेवून, त्यांच्यावर काय घडतं हे पाणबुडे जिथे वर्षानुवर्षं पाहत आले आहेत, अशा जागा जगात आहेत. त्यातली एक आपण या लेखात जरा सावकाशीने पाहू. इथे एकाच किनाऱ्यालगत वेगवेगळ्या खोलीवर, वेगवेगळ्या वर्षी बुडालेली जहाजं आहेत. शेजारीच नैसर्गिक खडक आहेत आणि समुद्रातलं जंगलही आहे. प्रयोगशाळेत मुद्दाम मांडणी केली असती तर तीही साधारण अशीच झाली असती.

ही जागा म्हणजे दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाऊनजवळचा समुद्र.

एका शहराला दोन समुद्र

आफ्रिकेच्या नकाशात नैर्ऋत्य टोकाशी केपटाऊन सापडेल. तिथून दक्षिणेकडे एक चिंचोळा डोंगराळ सुळका समुद्रात घुसला आहे. हे केप द्वीपकल्प. त्याच्या पश्चिमेला उघडा अटलांटिक आणि पूर्वेला सुमारे ३० किलोमीटर रुंद असलेला 'फॉल्स बे' म्हणजे 'खोटा उपसागर'. पूर्वेकडून येणाऱ्या जुन्या खलाशांना उपसागराच्या अलीकडचं हँगक्लिपचं टोक हेच केपचं टोक वाटायचं. टोक ओलांडलं अशा समजुतीने ते उत्तरेला वळत आणि या उपसागरात अडकत. नाव पडलं ते त्यावरून.

वर्गात मुलांना विचारून पाहा: समुद्राचं पाणी उन्हाळ्यात जास्त गार असेल की हिवाळ्यात? उत्तर सगळ्यांना माहीत असतं. पण केपच्या पश्चिम किनाऱ्यावर ते चुकतं. तिथे पाणी सर्वांत गार असतं ते भर उन्हाळ्यात. किनाऱ्यावर माणसं उन्हाने भाजत असतात आणि पाण्याचं तापमान १० अंश सेल्सिअस किंवा त्याहूनही खाली गेलेलं असतं.

याचं कारण वारा. तिथल्या उन्हाळ्यात, म्हणजे आपल्या डिसेंबर-जानेवारीत, आग्नेयेकडून जोरदार वारा सुटतो आणि किनाऱ्याला साधारण समांतर वाहतो. पृथ्वी स्वतःभोवती फिरते आहे. त्यामुळे वाऱ्याने ढकललेला पाण्याचा वरचा थर सरळ वाऱ्यामागे जात नाही. दक्षिण गोलार्धात तो एकूणात वाऱ्याच्या दिशेच्या डावीकडे सरकतो. इथे डावीकडे म्हणजे किनाऱ्यापासून दूर, खोल समुद्राकडे. वरचं पाणी असं निघून गेलं की त्याची जागा घ्यायला खालचं गार पाणी वर येतं. या घटनेला आपण उत्सरण म्हणू.

खालून येणारं पाणी फक्त गार नसतं. समुद्रात मेलेले जीव आणि विष्ठा खाली खाली जाऊन कुजतात, त्यामुळे खोल पाण्यात नायट्रेट आणि फॉस्फेट साठलेलं असतं. तिथे उजेड नसल्याने ते वापरायला वनस्पती नसतात. उत्सरणामुळे हे खत उजेडात येतं. एखाद्या शेतकऱ्याने शेणखताचा खड्डा उपसून शेतात पसरावा, तसं काम वारा करतो.

तिथले पाणबुडे डोंगराकडे पाहून पाण्याचा अंदाज बांधतात. केपटाऊनमागच्या टेबल माउंटनवर पांढऱ्या ढगाची चादर पसरली म्हणजे आग्नेयेचा वारा सुटला. हा वारा फॉल्स बेमध्ये थेट घुसून लाटा उठवतो, म्हणून तेव्हा अटलांटिकच्या बाजूला बुडी मारायची. तिकडचं पाणी नुकतंच खालून वर आलेलं, काचेसारखं स्वच्छ आणि कुडकुडवणारं असतं. काही दिवसांनी त्या खतावर सूक्ष्म शैवालं माजली की तेच पाणी हिरवं, गढूळ होतं. हिवाळ्यात वारा वायव्येकडून येतो. मग अटलांटिक खवळतो आणि फॉल्स बेची पश्चिमेची कड डोंगराच्या आडोशाला शांत राहते.

जंगल, पण झाडांचं नाही

गार पाणी, भरपूर खत, उथळ जागेतला उजेड आणि धरायला खडक, एवढं एकत्र आलं की केल्प वाढतो. केल्प ही झाडं नव्हेत. ती मोठ्या आकाराची तपकिरी शैवालं आहेत. केपच्या किनाऱ्यावर प्रामुख्याने एक्लोनिया मॅक्सिमा ही जात आढळते. तिथे तिला 'समुद्री बांबू' म्हणतात. दहा-बारा मीटर उंचीचे सोटे तळापासून सरळ पृष्ठभागापर्यंत येतात आणि तिथे त्यांची लांब चामड्यासारखी पाती पसरतात. ओहोटीच्या वेळी होडीतून पाहिलं तर पाण्यावर तपकिरी गालिचा दिसतो. त्याच्याखाली जंगल असतं.

झाड उभं राहतं ते लाकडाच्या ताकदीवर. केल्पमध्ये लाकूड नाही. त्याचा सोटा वरच्या बाजूला फुगीर आणि पोकळ असतो, त्यात वायू भरलेला असतो. म्हणजे तरंगणारा फुगा दोरीने तळाला बांधावा, तसा केल्प उभा असतो. लाट आली की तो अडत नाही, तिच्याबरोबर लवतो.

तळाशी मुळांसारखं दिसणारं एक गुंतवळ असतं. पण ही मुळं नव्हेत, कारण ती काही शोषून घेत नाहीत. त्यांचं काम खडकाला घट्ट धरण्याचं. पाणी आणि क्षार तर चहूबाजूंनी आहेतच, ते पात्यांमधूनच शोषले जातात. नववी-दहावीच्या वर्गात मूळ आणि खोड यांची कार्यं शिकवताना हे उदाहरण कामी येईल. मुळाची दोन कामं आपण नेहमी एका श्वासात सांगतो, आधार आणि शोषण. इथे ती सुटी झालेली दिसतात.

आणखी एक गोष्ट. झाडाची फांदी टोकाला वाढते, केल्पचं पातं मात्र बुडाशी वाढतं. नवा भाग बुडाकडून पुढे सरकत राहतो आणि टोक लाटांनी झिजून तुकडे होत गळत राहतं. वाढ जोरात असते तेव्हा पातं दिवसाला साधारण सेंटिमीटरभर वाढतं. गळलेले तुकडे वाया जात नाहीत. त्यांचा भुगा पाण्यात तरंगतो आणि पाणी गाळून अन्न मिळवणाऱ्या शिंपल्यांचा, स्पंजांचा तो मोठा आधार आहे. केल्पला प्रत्यक्ष कुरतडून खाणारे जीव आहेतच, पण बरंचसं अन्न या भुग्याच्या वाटेने पुढे जातं.

केल्पचं प्रजनन नेचासारखं आहे, ज्यांना एकांतरण शिकवायचं असतं त्यांनी जरूर लक्षात ठेवावं. एवढा मोठा केल्प बीजाणू सोडतो. बीजाणू खडकावर बसून त्यातून सूक्ष्मदर्शकाशिवाय न दिसणारी नर आणि मादी पिढी तयार होते. त्यांच्या मीलनातून पुन्हा दहा मीटरचा केल्प. एका पिढीला होडी अडते, दुसरी डोळ्याला दिसत नाही.

या जंगलात २०२० साली प्रसिद्ध झालेला 'माय ऑक्टोपस टीचर' हा माहितीपट चित्रित झाला आहे. २०२१ मध्ये त्याला ऑस्कर मिळालं. ऑक्टोपसच्या मागे वर्षभर रोज पाण्यात जाणारे क्रेग फॉस्टर टाकी आणि उबदार पोशाख न वापरता, श्वास रोखून बुडी मारतात. आपल्यातल्या कोणी त्यांची नक्कल करू नये. पण तो माहितीपट शाळेत दाखवायला उत्तम.

कोकणात असं जंगल का नाही? आपल्याकडे समुद्राचं पाणी पंचविशीच्या वर असतं आणि ते केल्पला सोसत नाही. आपल्या खडकांवर सरगॅसमसारखी तपकिरी शैवालं वाढतात, ती केल्पची दूरची भावंडं. पण ती हातभर वाढतात, जंगल होत नाहीत.

पहिलं जहाज: १९१४, खोली आठ मीटर

केल्पला धरायला घट्ट पृष्ठभाग लागतो. केपच्या या भागात तळाशी ग्रॅनाइटचे प्रचंड गोटे आहेत, त्यांनाच तिथले पाणबुडे रीफ म्हणतात. रीफ म्हटलं की आपल्याला प्रवाळच आठवतात, पण खडकाळ उंचवटाही रीफच. गोट्यांच्या मध्ये मात्र वाळू असते. वाळू रोज हलते, तिच्यावर केल्प बसू शकत नाही. म्हणजे वाळूवर एखादी टणक वस्तू येऊन पडली, तर ती जागा शोधणाऱ्या सगळ्यांना नवं घर मिळतं.

अशी एक वस्तू १९१४ साली आली. सिमन्स टाऊन बंदराजवळ 'क्लॅन स्टुअर्ट' नावाची आगबोट नांगरून उभी होती. आग्नेयेच्या वादळी वाऱ्यात नांगर फरफटला आणि ती किनाऱ्यालगत वाळूत रुतली. आज तिथे जाणाऱ्या माणसाला किनाऱ्यावरूनच पाण्याबाहेर डोकं काढलेला तिच्या इंजिनाचा ठोकळा दिसतो. जास्तीत जास्त आठ-नऊ मीटर खोली. बाकी जहाज पत्रे आणि फासळ्या होऊन वाळूत पसरलेलं आहे आणि त्यावर केल्प वाढला आहे.

इंजिनच का उरलं? याचं गणित मुलांना घालता येईल. समुद्राच्या पाण्यात पोलाद वर्षाला साधारण ०.१ मिलिमीटर गंजतं, हा ढोबळ आकडा आहे. जहाजाचा पत्रा दहा मिलिमीटर जाड धरला आणि तो दोन्ही बाजूंनी खाल्ला जातो हे लक्षात घेतलं, तर त्याला पन्नास वर्षं पुरे होतात. इंजिनाचा ओतीव ठोकळा कितीतरी जाड. त्याला शंभर वर्षांनंतरही काही वाटत नाही. प्रत्यक्षात लाटांचा मार बसतो, तांब्या-पितळेच्या भागांशेजारचं लोखंड लवकर जातं, उलट शिंपल्यांचा जाड थर बसला की गंजणं मंदावतं. तरी गणिताचं उत्तर वाटेवरचंच आहे.

यातून एक मुद्दा निघतो, तोच या लेखाचा गाभा आहे. शेजारच्या ग्रॅनाइटच्या गोट्यावर वाढलेली वस्ती किती जुनी आहे, हे सांगता येत नाही. तो तिथे केव्हापासून आहे कोण जाणे. जहाजाची मात्र तारीख नोंदलेली असते. त्या दिवशी त्याच्या बहुतेक पृष्ठभागावर काहीही नव्हतं, आज जे आहे ते त्यानंतरचं. बुडालेलं जहाज हा सुरुवातीची वेळ माहीत असलेला प्रयोग आहे.

खाली जाताना

पुढची जहाजं खोलवर आहेत. तिथे जाण्याआधी टाकीतल्या हवेचा हिशेब करायला हवा. हा हिशेब चुकला तर माणूस जातो, म्हणून तो नीट करू.

समुद्रसपाटीला आपल्यावर हवेचा एक वातावरण दाब असतो. पाण्यात दर दहा मीटरला आणखी एक वातावरण दाब वाढतो. बॉईलच्या नियमानुसार दाब दुप्पट झाला की हवेचं आकारमान निम्मं होतं. छातीवर बाहेरून पाण्याचा दाब असल्याने पाणबुड्याला तेवढ्याच दाबाची हवा आत घ्यावी लागते, आणि तोंडातला झडपेचा भाग ती तशी पुरवतो. म्हणजे दहा मीटरवर प्रत्येक श्वासाला दुप्पट हवा खर्च होते.

टाकी १२ लिटरची आणि तीत २०० वातावरण दाबाने हवा भरलेली. बाहेर मोकळी केली तर ती २४०० लिटर होईल. पाव भाग संकटासाठी राखून ठेवायचा, उरली १८०० लिटर. माणसाला मिनिटाला २० लिटर हवा लागते असं धरू. पृष्ठभागावर ही हवा ९० मिनिटं पुरेल. क्लॅन स्टुअर्टवर, आठ मीटरला, दाब १.८ पट, म्हणून ५० मिनिटं. बावीस मीटरला २८ मिनिटं. चौतीस मीटरला फक्त २० मिनिटं.

पण चौतीस मीटरवर वीस मिनिटंही मिळत नाहीत, कारण तिथे दुसरीच मर्यादा आधी गाठते. हवेतला नायट्रोजन दाबाखाली रक्तात आणि ऊतींमध्ये विरघळतो. सोड्याची बाटली एकदम उघडली की फसफसते. पाणबुड्या भरकन वर आला तर तेच त्याच्या शरीरात होतं. बुडबुडे सांध्यांत, मज्जारज्जूत अडकतात आणि लकवाही भरू शकतो. म्हणून खोलीनुसार किती वेळ थांबायचं याची कोष्टकं असतात. हौशी पाणबुड्यांना या खोलीवर पंधरा मिनिटांच्या आसपास मुभा मिळते. नंतर मिनिटाला नऊ-दहा मीटरपेक्षा जास्त नाही अशा वेगाने वर यायचं आणि पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं.

सर्वांत महत्त्वाचा नियम मात्र सोपा आहे: टाकीची हवा घेताना श्वास कधीही रोखून धरायचा नाही. दहा मीटरवर छातीत भरलेली पाच लिटर हवा वर येईपर्यंत दहा लिटर होते, आणि फुप्फुसाला तेवढं ताणता येत नाही. दोन-तीन मीटरवरून श्वास रोखून वर आल्यानेही फुप्फुस फाटू शकतं. आपल्या किनाऱ्यावर हल्ली पर्यटकांना थोडंसं शिकवून टाकीसह पाण्यात उतरवतात. आपले विद्यार्थी सहलीला जाऊन हे करणार असतील, तर एवढं एक वाक्य त्यांना वर्गातच पाठ करून घेतलेलं बरं.

बॉईलचा नियम गावातल्या विहिरीत तपासता येतो. अरुंद, पारदर्शक नळीचा ३० सेंटिमीटरचा तुकडा घ्या, एक तोंड मेणाने पक्कं बंद करा. आतून पाण्यात विरघळणारी निळी शाई फिरवून वाळू द्या. बंद तोंड वर ठेवून नळी दगडाला बांधा आणि पाच मीटर खोल पाण्यात सोडा. वर काढल्यावर जिथपर्यंत पाणी चढलं होतं तिथपर्यंतची शाई धुतलेली दिसेल. दाब दीडपट झाला, म्हणजे हवा दोन-तृतीयांश उरली, म्हणून पाणी दहा सेंटिमीटर चढलेलं असायला हवं. विहिरीच्या काठावर अर्थातच शिक्षकांनीच उभं राहायचं. ही युक्ती आमची नाही. एकोणिसाव्या शतकात लॉर्ड केल्व्हिन यांनी समुद्राची खोली मोजायला अशीच काचेची नळी वापरली. शाईऐवजी तिच्यात खाऱ्या पाण्याने रंग बदलणारा सिल्व्हर क्रोमेटचा लेप होता.

दाबाचा आणखी एक परिणाम. पाण्यात शरीराची उष्णता हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने निघून जाते, म्हणून केपचे पाणबुडे जाड फेसाळ रबराचा पोशाख घालतात. ऊब असते ती रबरातल्या बुडबुड्यांमुळे. पण खोल गेल्यावर तेही बुडबुडे दबतात आणि पोशाख पातळ होतो. सर्वांत जास्त ऊब हवी असते तिथेच तो कमी पडतो.

१९९४ आणि १९७८

सिमन्स टाऊनच्या दक्षिणेला मिलर्स पॉइंटजवळ 'पीटरमारित्झबर्ग' हे जहाज सुमारे बावीस मीटरवर आहे. मुळात ही ब्रिटिश नौदलाची सुरुंग काढणारी 'पेलोरस'. १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या स्वारीत पुढे राहून तिने समुद्र साफ केला, १९४७ मध्ये दक्षिण आफ्रिकेने ती घेतली आणि १९९४ मध्ये कृत्रिम रीफ म्हणून मुद्दाम बुडवली. आणखी दक्षिणेला स्मिट्सविंकेल बेमध्ये तीस ते छत्तीस मीटर खोलीवर पाच जहाजं आहेत, तीही मुद्दाम बुडवलेली. हिरे शोधण्यासाठी तळ उपसणारं 'रॉकईटर' १९७२ मध्ये, 'ट्रान्सवाल' आणि 'गुड होप' या युद्धनौका १९७८ मध्ये, दोन मासेमारी जहाजं १९८३ मध्ये.

क्लॅन स्टुअर्टवरचं केल्पचं जंगल इथे नाही. कारण उजेड. चौतीस मीटरवर केल्पला पुरेल इतका उजेड पोहोचत नाही. पोहोचतो तोही निळा-हिरवा, कारण तांबडा प्रकाश पाणी पहिल्या काही मीटरांतच शोषून घेतं. पाणबुड्या ट्रान्सवालच्या कठड्याशी पोहोचतो तेव्हा सगळं करडं, काळपट दिसतं. त्याने बॅटरी लावली की कठड्यावर लाल, नारिंगी, जांभळा रंग फुटतो.

हे रंग वनस्पतींचे नाहीत, प्राण्यांचे आहेत. स्पंज, मऊ प्रवाळ, समुद्रपंखे, पिसांसारखे हात पसरून बसलेले तारामाशांचे नातेवाईक, एकमेकांना चिकटून बसलेल्या समुद्रकाकड्या. यातले बहुतेक जागचे हलत नाहीत. वाहतं पाणी अन्न आणून देतं आणि ते हात पसरून घेतात. म्हणून जहाजाचा उंच, प्रवाहात असलेला भाग जास्त गजबजलेला असतो. जहाजाच्या आत, जिथे पाणी खेळत नाही, तिथे गाळ साठतो. नवख्या पाणबुड्यांनी तिथे घुसू नये. पायाच्या एका फटकाऱ्याने गाळ उठतो आणि दार कुठे होतं ते दिसेनासं होतं.

आठ मीटरवर शैवालांचं राज्य, चौतीस मीटरवर प्राण्यांचं. धातू तोच, किनारा तोच. फरक उजेडाचा.

मासे वाढतात की गोळा होतात?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. जहाज बुडवल्यावर तिथे मासे दिसू लागतात, यात वाद नाही. वाद आहे तो वेगळा. हे मासे नव्याने वाढले, की आजूबाजूच्या खडकांवरचे आडोशाला येऊन जमले? दुसरं खरं असेल, तर समुद्रात भर काहीच पडली नाही, उलट मासे एका जागी गोळा होऊन पकडायला सोपे झाले. जगभरच्या अभ्यासकांत यावर दीर्घ वाद चालू आहे, आणि उत्तर मासा कोणता, जागा कोणती, तिथे मासेमारीला बंदी आहे का, यावर बदलतं. हालचाल न करणाऱ्या स्पंज-प्रवाळांच्या बाबतीत मात्र शंका नाही, कारण ते दुसरीकडून चालत आलेले नसतात.

चांगल्या हेतूने केलेली चूक कशी असते याचं उदाहरण अमेरिकेतल्या फ्लोरिडात आहे. १९७२ पासून तिथे सुमारे वीस लाख जुने टायर कृत्रिम रीफ म्हणून समुद्रात टाकले. बांधणी तुटली, टायर सुटे झाले आणि वादळांत शेजारच्या खऱ्या प्रवाळांवर आपटू लागले. ते बाहेर काढण्याचं काम कित्येक वर्षं चाललं. जहाज टायरपेक्षा जड आणि स्थिर असतं खरं, पण तेल, विषारी रंग, अ‍ॅस्बेस्टॉस आधी काढलं नाही तर तेच समुद्रात जातं.

आणखी एक अडचण आहे. समुद्र स्वतः बदलत असतो, त्यामुळे जहाजाजवळ झालेला बदल जहाजामुळेच झाला हे कसं ठरवायचं? फॉल्स बेच्या पूर्वेच्या किनाऱ्यावरची गोष्ट पाहा. तिथे अ‍ॅबलोन नावाचा, गोगलगायीच्या कुळातला मोठा शंख मिळतो, त्याला बाजारात प्रचंड भाव आहे. त्याची पिल्लं सी-अर्चिनच्या काट्यांखाली लपून मोठी होतात. १९९० च्या दशकात पश्चिमेकडच्या शेवंडी या भागात मोठ्या संख्येने आल्या. त्यांनी सी-अर्चिन फस्त केले, आणि पिल्लांचं छप्पर गेलं. अ‍ॅबलोनची चोरटी शिकारही त्याच काळात वाढली. शेवंड अ‍ॅबलोनचा वाडा लुटायला आलीच नव्हती, ती सी-अर्चिन खात होती. पूर्वी तिथे काय काय होतं याच्या नोंदी असल्यामुळेच हे लक्षात आलं.

पाणबुड्यांच्या नोंदीही कामी येतात. मिलर्स पॉइंटच्या केल्पमध्ये सात कल्ल्यांच्या चिरा असलेल्या मुशींचा मोठा घोळका असे (बहुतेक मुशींना पाचच चिरा असतात), पाणबुडे खास त्यांना पाहायला जात. २०१५ आणि २०१६ मध्ये पाणबुड्यांना तळाशी मेलेल्या मुशी सापडल्या, यकृत काढून नेलेल्या. हे काम ऑर्का देवमाशांचं होतं. त्यानंतर उरलेल्या मुशी ती जागा सोडून गेल्या. संशोधक रोज पाण्यात नसतात, हौशी पाणबुडे असतात, म्हणून तारीखवार माहिती मिळाली.

निवतीला काय मोजावं

निवतीचा समुद्र म्हणजे केप नव्हे. पाणी उबदार, केल्प नाही, आणि पावसाळ्याचे महिने समुद्र इतका खवळतो की कोणी खाली जाऊ शकत नाही. नद्या गाळ आणतात, तेव्हा उजेडही कमी. इथे लोखंडावर आधी बार्नॅकल आणि कालवं बसतील, मग स्पंज आणि मऊ प्रवाळ येतील, असा अंदाज करता येतो. पण अंदाजच.

त्यासाठी आधीची मोजणी हवी. जहाज ठेवायच्या जागी तळ वाळूचा आहे की चिखलाचा, त्यात कोण राहतं, शेजारच्या नैसर्गिक खडकावर कोणते मासे किती दिसतात, स्थानिक मच्छीमारांच्या जाळ्यात तिथे काय लागतं, हे आधी लिहून ठेवलं पाहिजे, आणि खडकावरची मोजणी नंतरही तितक्याच नेमाने चालू ठेवली पाहिजे. नुसत्या जहाजावरचे मासे मोजून काही सिद्ध होत नाही. पर्यटकांची संख्या आपोआप मोजली जाईलच.

याचीच छोटी आवृत्ती मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या शाळांना करता येईल. खडबडीत फरशीचे तळहाताएवढे बारा तुकडे घ्या, प्रत्येकाला भोक पाडून नायलॉनच्या दोरीने जेटीच्या खांबाला बांधा. सहा ओहोटीच्याही खाली, उजेडात, आणि सहा जेटीच्या सावलीत. सुरुवात पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरात करावी. दर महिन्याला प्रत्येक ठिकाणचा एकेक तुकडा वर काढायचा, वर काय बसलं आहे त्याचं चित्र काढायचं, चौरस सेंटिमीटरमध्ये किती बार्नॅकल आहेत ते मोजायचं. उजेडातल्या आणि सावलीतल्या तुकड्यांत फरक पडतो का ते पाहायचं. मार्चअखेर बारा तुकडे संपतात, म्हणजे परीक्षेच्या आत काम होतं. दोरीची गाठ दर भेटीत तपासावी आणि सुरुवातीची तारीख फरशीच्या पाठीवर खिळ्याने कोरून ठेवावी, रंगाने लिहिलेली टिकत नाही.